पहिल्या वर्षी फक्त बघायचं

आमच्या उल्हासने, म्हणजे माझ्या नवऱ्याने, तो खेळ जन्मात कधी खेळलेला नाही. चेंडू हातात धरून पळतात आणि तरी फुटबॉल म्हणतात, तो अमेरिकन. पंधरा वर्षांपूर्वी कंपनीने याला सहा महिने तिकडे पाठवलं होतं. येताना लोक चॉकलेटं आणतात, याने एक टीम आणली. तीही दरवर्षी हरणारी!

जी टीम सगळ्यात जास्त हरते, तिला कॉलेजातला सगळ्यात चांगला पोरगा आधी निवडता येतो, असा तिथला नियम. २०१४च्या मे महिन्यात याच्या टीमने बावीस वर्षांचा एक क्वार्टरबॅक निवडला. क्वार्टरबॅक म्हणजे मैदानावरचा कर्ता पुरुष, चेंडू कुणाकडे जाणार ते तोच ठरवतो. इथे परदेशात, चोआ चू कांगच्या आमच्या फ्लॅटमध्ये नातू झाल्यासारखा आनंद.

"त्याला लगेच खेळवायचं नाही हं, सुलेखा," उल्हास मला बजावायचा. जसं काही मीच कोच! "पहिल्या वर्षी फक्त बघायचं. घाई केली की पोरगं बिघडतं." त्या पोराला शिकवायचं काम होतं टीमच्या जुन्या क्वार्टरबॅककडे. सदतीस वर्षांचा माणूस. "ज्याची जागा जाणार, तोच शिकवतोय! काय मोठं मन!" असं म्हणताना याचे डोळे भरून यायचे.

त्याच महिन्यात क्वीन्सटाउनच्या ऑफिसात बॉसने याच्यापुढे पुण्याची मैत्रेयी आणून उभी केली. वय चोवीस. "हिला तुझं सगळं काम शिकव," बॉस म्हणाला.

त्या दिवशी उल्हास धड जेवला नाही. मी म्हटलं, "अरे वा, आता तुझंही मन किती मोठं ते कळेल." पण धास्ती मलाही होती. इथे कायम राहायचा परवाना, पीआर, काही मिळाला नव्हता, सगळा संसार याच्या नोकरीच्या परवान्यावर, एम्प्लॉयमेंट पासवर, आणि तो पास डिसेंबरात संपणार होता. नोकरी गेली की महिन्याभरात गाशा गुंडाळायचा.

मग साहेबांनी युक्ती काढली. खुर्चीमागे एक स्टूल ठेवलं आणि मैत्रेयीला सांगितलं, "पहिल्या वर्षी तू फक्त बघ." बॉसने विचारलं की क्वार्टरबॅकचा दाखला तयार. पोरगी गुणी. पाच महिने स्टुलावर बसून बघत राहिली आणि लिहीत राहिली. तीन वह्या भरल्या म्हणे. हा खुशीत होता, की कीबोर्डला तिचा हातसुद्धा लागला नाही.

ऑक्टोबरात जुन्या क्वार्टरबॅकचा अंगठा मोडला आणि पोराला उतरवायचं ठरलं. सामना तिथे रविवारी रात्री, म्हणजे इथे सोमवारी सकाळी सव्वाआठला. उल्हास सात वाजता क्लिनिकमध्ये गेला आणि पोट बिघडलं म्हणून एका दिवसाची एमसी, म्हणजे डॉक्टरची आजारपणाची चिठ्ठी, घेऊन आला. फोन बंद करून सोफ्यावर बसला. पोट बिघडलंय ना? मग मीही मऊ भातच दिला. साधं लोणचंसुद्धा दिलं नाही.

पोराने पहिल्या तासाभरात तीनदा चेंडू समोरच्यांच्या हातात नेऊन दिला. "घाई केली! मी सांगितलं होतं!" हा टीव्हीवर ओरडत होता. शेवटी कोचने पोराला बाहेर बसवलं, तेव्हा याचा चेहरा बघवेना.

बाराच्या सुमारास त्याने फोन चालू केला. एकोणीस मिस्ड कॉल! याची कंपनी ज्या बँकेचं काम बघते, तिची सिस्टीम सव्वानऊला बंद पडली होती. ती उठवणं हे याचंच काम, दुसऱ्या कुणाला येत नाही, असं हा बारा वर्षं सांगत आलेला. मी घाबरून म्हटलं, "अरे, लाव ना लवकर फोन!" तो स्क्रीनकडेच बघत होता.

"शेवटचा कॉल नऊ पन्नासचा आहे," तो हळूच म्हणाला. "नंतर एकही नाही. कॉल का थांबले गं?"

उत्तर त्याला माहीत होतं. मलाही.

मंगळवारी ऑफिसात बॉसने सगळ्यांसमोर उल्हासचीच पाठ थोपटली. मैत्रेयीने वह्या उघडून पस्तीस मिनिटांत बँक चालू केली होती. असं ट्रेनिंग मी कुठे बघितलं नाही, बॉस म्हणाला. टाळ्या झाल्या, केक कापला. पासाचा विषय कुणी काढला नाही.

संध्याकाळी घरी येऊन त्याने बूटही काढले नाहीत.

"दुपारी बँकेचा फोन आला," तो म्हणाला. "मी उठायला लागलो, तर मैत्रेयी म्हणाली, सर, तुमचं पोट अजून बरं नसेल. मी घेते. तुम्ही फक्त बघा. असं म्हणून माझ्या खुर्चीत बसली, आणि मला स्टूल पुढे केलं. अगदी काळजीने गं."

एरवी मी टोमणा मारलाच असता. आज नाही मारला. "मग?" मी विचारलं.

"मग काय, बसलो. फार बुटकं आहे गं ते स्टूल. पाठ भरून येते. पाच महिने पोरीला मी एकदा विचारलंसुद्धा नाही."