नकाशातली बायको

भंडाऱ्याच्या बाजारात आमचं पितळी भांड्यांचं दुकान आहे. बिलं काढायला म्हणून तिथे कॉम्प्युटर आला आणि नंतर एकदा नागपूरला गेलो असताना नकाशे काढायच्या सॉफ्टवेअरची एक स्वस्तातली सीडी माझ्या हाती लागली. खोक्यावर बंगल्याचं चित्र होतं. मला काही बंगला बांधायचा नव्हता. मी पहिल्यांदा काढला तो लोटा. लोट्याची एका बाजूची कड तेवढी काढायची, मधोमध उभी रेघ मारायची आणि ती कड त्या रेघेभोवती फिरवायला सांगायची. बटण दाबलं आणि गळा, पोट, बूड सगळ्यासकट अख्खा लोटा पडद्यावर उभा राहिला. जन्मभर लोटे विकत आलो होतो, पण त्या दिवशी दुकान बंद करायचंसुद्धा भान राहिलं नाही.

तेव्हापासून हा नाद लागला तो सुटला नाही. सीडी काढणारी कंपनी बंद पडली, घरी घेतलेल्या नव्या कॉम्प्युटरवर जुने नकाशे उघडेनात, मग एक फुकटातलं सॉफ्टवेअर हिंदी व्हिडिओ बघून शिकलो. ते इतकं किचकट होतं की साधं भोक पाडायचं तर अर्धी दुपार जायची. आता इंटरनेटवर चालणारं एक आहे, हौशी माणसांना फुकट. देवळाची घंटा, घडीचा झोपाळा, दुकानाचं नवं शोकेस, काय काय काढलं. प्रत्यक्षात त्यातलं काहीच आलं नाही. बायको चहाचा कप टेबलावर ठेवताना पडद्याकडे बघायची आणि म्हणायची, "अजी, तुमच्या या लोट्यात पाणी रायते का?" मी हसून विषय टाळायचो.

एके दिवशी सकाळी स्वयंपाकघरात परात पडल्याचा आवाज झाला. मी बाहेरूनच विचारलं, "काय पडलं वो?" उत्तर आलं नाही. आत गेलो तर ती भिंतीला टेकून बसलेली, तोंड एका बाजूला ओढलेलं आणि पोहे सगळीकडे. लकवा. नागपूरच्या दवाखान्यातून घरी आणली तेव्हा बोलणं बरंचसं परत आलं होतं, पण उजवा हात आणि उजवा पाय तिचं ऐकत नव्हते. उजवा खांदा खाली उतरला होता. मुलगी लग्न होऊन लांब गेलेली. पवनीहून मेहुणी आली, तिने घर सांभाळलं. मला काय करावं ते कळेना. मी नुसता दारात उभा राहायचो.

मग एक दिवस जेवताना तिच्या हातातून चमचा तिसऱ्यांदा निसटला, आणि मला सुचलं. मी कणकेचा गोळा तिच्या मुठीत दिला, दाबायला सांगितलं, त्या ठशाची मापं घेतली आणि तिच्या मुठीत बसेल अशी, चमच्याला लावायची जाड, वाकडी मूठ काढली. फाइल नागपूरला पाठवली, तिथल्या एका दुकानाने ती थ्रीडी प्रिंटरवर प्लास्टिकमध्ये छापून एसटीच्या पार्सलने धाडली. चमचा तीत घट्ट बसवला. तिने त्या चमच्याने वरण-भात खाल्ला. थोडा सांडला, पण आपल्या हाताने खाल्ला. मेहुणी रडायलाच लागली.

आणि मी? मी आनंदाने वेडा झालो. इतक्या वर्षांत पहिल्यांदा माझं काढलेलं काहीतरी माणसाच्या हातात होतं.

त्यानंतर मी थांबलोच नाही. न्हाणीत धरायला कठडा, पलंगाशेजारी आधाराचा दांडा, बसायची उंच खुर्ची. तिच्या कोपराची उंची, गुडघ्याचा वाक, पावलाची लांबी, सगळं मोजलं. बायपासजवळच्या वेल्डिंगवाल्याकडे माझ्या रोज खेपा. तो म्हणायचा, "काकाजी, असा नकाशा तर इंजिनियर बी देत नाई." शेजारीपाजारी कौतुक करायचे, असा नवरा मिळायला नशीब लागतं म्हणायचे. ते ऐकताना माझी मान खाली जायची, पण लोकांना तो विनय वाटायचा. खरं असं होतं की तिच्या दुखण्याच्या दिवसांत मी सकाळी जितक्या उत्साहाने उठत होतो तितक्या उत्साहाने उभ्या आयुष्यात उठलो नव्हतो. आज तिला काय जमत नाही, हे मी शोधत असायचो. सापडलं की बरं वाटायचं.

सगळ्यात मोठं काम मी शेवटी हाती घेतलं. पलंगापासून न्हाणीपर्यंत खोलीत छताखालून आणि अंगणात खांबांवरून जाणारी एक लोखंडी पट्टी आणि तिच्यावरून सरकणारी टांगती खुर्ची. तिला बसवायचं, हलकेच ढकलायचं, की ती अंगण ओलांडून पार. नीट दिसावं म्हणून मी त्या खुर्चीत एक बाईही काढून बसवली, तिच्याच मापांची. ते काम आठवड्यांमागून आठवडे चाललं. व्यायाम शिकवायला येणाऱ्या बाई सांगून गेल्या होत्या की यांना आता रोज चालवा, संध्याकाळी कोपऱ्यावरच्या मारुतीपर्यंत न्या. बायको तयार होऊन बसायची. "चलता का जी?" म्हणून हाक मारायची. मी म्हणायचो, "थांब, एवढी रेघ होऊ दे." अंधार पडायचा. मग मेहुणीच तिला अंगणात फिरवून आणायची.

एका दुपारी मी पडद्यात डोकं घालून बसलो होतो. मागून आवाज आला, "अजी." वळून पाहिलं तर ती दारात उभी. एकटी. मेहुणी नळावर होती, काठी पलंगाजवळच राहिलेली. भिंत धरत धरत ती सगळं अंगण ओलांडून आली होती. घामाने कपाळ भिजलेलं आणि चेहऱ्यावर लहान मुलीसारखं हसू.

माझ्या मनात पहिली गोष्ट आली ती ही, की आता या खुर्चीची गरज नाही.

ते माझ्या तोंडावर दिसलं असणार. तिचं हसू हळूहळू ओसरलं. "तुमचं तोंड काहून उतरलं?" तिने विचारलं.

"भ्यालो ना. पडली असतीस म्हंजे?"

ती येऊन माझ्या खुर्चीची पाठ धरून उभी राहिली आणि पडद्याकडे बघत म्हणाली, "काय करून राहिले एवढ्या दिवसाचं, दाखवा मले."

मी दाखवलं. पट्टी, चाकं, खुर्ची. बटणाने खुर्ची या टोकापासून त्या टोकापर्यंत सरकवून दाखवली. ती खुर्चीकडे बघतच नव्हती. खुर्चीतल्या बाईकडे बघत होती.

"ही मी आहो का?"

"हो. तुझीच मापं आहेत."

"इचा खांदा पाहा किती उतरला आहे." तिने डाव्या हाताने स्वतःचा उजवा खांदा चाचपला. "माहा आता असा नाई जी. तुमी पायलं नाई का?"

मी तिच्याकडे पाहिलं. खरंच खांदा वर आला होता. मूठ मिटत होती. केव्हापासून, मला ठाऊक नव्हतं. दवाखान्यातून आणली त्या आठवड्यात मी मापं घेतली होती आणि त्याच मापांच्या बाईला घेऊन बसलो होतो. खरी बाई पलीकडच्या खोलीत रोज थोडी थोडी बरी होत होती.

मी टेप घ्यायला उठलो. "थांब, नव्याने मोजतो."

"मोजू नोका," ती म्हणाली. "माह्या संग चाला."

त्या दिवशी आम्ही मारुतीपर्यंत गेलो. तिने माझा दंड धरला होता. वाटेत तिने मेहुणीच्या शेतातल्या धानाच्या रोवणीविषयी, लांबलेल्या पावसाविषयी बोलणं काढलं. त्या खुर्चीचं नावही काढलं नाही. रागावली असती तर मला सोपं गेलं असतं. वेल्डिंगवाल्याला दुसऱ्या दिवशी काम थांबवायला सांगितलं तेव्हा त्याचे खुर्चीसाठीचे पाइप कापून झाले होते. "बाई बऱ्या झाल्या म्हंता, मंग काकाजी, तुमी असे काहून दिसून राहिले?" त्याने विचारलं. मी कामाचं निमित्त सांगितलं.

आता ती स्वयंपाक करते, जरा हळू. उजव्या पायाची चप्पल अजून घासत जाते. माझा नाद सुटलेला नाही. मात्र नकाशातली ती बाई मी पुन्हा दुरुस्त केली नाही आणि पुसूनही टाकली नाही. कधी उघडतो, बघतो, बंद करतो.

गेल्या महिन्यात आमच्या गल्लीतली एक म्हातारी घसरून पडली, कमरेचं हाड मोडलं. तिचा मुलगा दुकानात येऊन सांगू लागला आणि मला कळलं की मी मनातल्या मनात पलंगाची उंची धरायला लागलोय. तो विचार मी तिथेच तोडला. संध्याकाळी बायकोला म्हटलं, भेटून येऊ. ती म्हणाली, "मी बी येते."

तिथे गेल्यावर ती सरळ म्हातारीच्या उशाशी बसली आणि विचारलं, "आई, तुमाले काय पायजे?"

"मले कायी नोको माय," म्हातारी म्हणाली. "इथं दिसभर भिंत पाहून राहिली. बाज ओसरीत न्या. रस्ता दिसन."

मुलाने आणि मी बाज दोन्हीकडून उचलली आणि ओसरीत नेऊन ठेवली. म्हातारीने रस्त्याकडे तोंड केलं. बायको तिच्याशी बोलत बसली. मी जरा बाजूला खांबाला टेकून उभा होतो, आणि इतकं सगळं होऊनही माझी नजर त्या ओसरीच्या छतावर, पट्टी कुठून नेता येईल ते शोधत फिरत होती. बायकोने एकदा माझ्याकडे पाहिलं. मी नजर खाली केली आणि म्हातारीला पाणी आणायला आत गेलो.