मागच्या अंगणातली मांजर

तेलात हळद पडली की त्या वासासरशी मला लातूरची खोली आठवते. लेकाच्या शिकवणीसाठी उदगीर सोडून मी तिथं राहिले होते. तो सकाळीच जाई, अंधार पडल्यावर येई. एका दुपारी पायाला मोठी जखम झालेली मांजर मागच्या अंगणात येऊन पडली. शेजारच्या भाभींनी तिला ओढणीत गुंडाळलं. "लावा ताई, डरू नका, मी धरली हाय," त्या म्हणाल्या. मी हळद भरली. मग रोज दूध-भाकरी कुस्करून देताना मी तिच्याशी घरचं सगळं बोलू लागले. बरी झाल्यावर एक दिवस ती भिंतीवर चढली आणि निघून गेली. रात्री जेवताना लेक म्हणाला, "आई, आज गप्प का गं?" मी म्हणाले, "मांजर गेली रे." पुस्तकातून डोकं वर न काढता त्यानं विचारलं, "कोणती मांजर?" ते सांगायचं अजून राहिलंच आहे.