डागाची लांबी

सकाळपासून मी टेबलाचा तोच कोपरा तिसऱ्यांदा पुसतेय. काल इथेच बसून माझ्या लेकीने, मुक्ताने, लॅपटॉपवर एक तिरका निळसर डाग दाखवला होता. परदेशातल्या प्रयोगशाळेत ती क्ष-किरण लेसरचा एकेक स्पंद किती वेळ टिकतो ते मोजते.

"इतक्या छोट्या वेळाला घड्याळ पुरत नाही, आई. स्पंदाने वायूच्या अणूंतून उडवलेले इलेक्ट्रॉन आम्ही दुसऱ्या प्रकाशाने बाजूला ढकलतो. आधी निघालेले एका जागी पडतात, नंतरचे जरा पलीकडे. स्पंद जितका टिकला, तितका डाग लांब."

"मग पुन्हा मोजून खात्री करता?"

"तोच स्पंद पुन्हा येत नाही गं."

आज सकाळी परत जायला निघताना ती घाईत "जाते" म्हणाली. आमच्याकडे "येते" म्हणायचं असतं. लहानपणापासून हे मीच तिला शंभरदा सुधारलं असेल. आज मी तोंड उघडेपर्यंत टॅक्सीचं दार लागलं.

केवढासा शब्द. तिचं विमान अजून आकाशातच आहे, फोन लागत नाही. मी चहा ठेवते, विसरते, गच्चीत जाऊन वर बघते. दुपार कलली तरी त्या शब्दाचा डाग लांबतोच आहे.