नितीन खोडे रस्ता चुकला नव्हता

फेब्रुवारीच्या पहिल्या आठवड्यात आमची प्लाटून त्या पोस्टवर चढली. उंची साडेसोळा हजार फूट. माणसं अठरा, बंकर तीन. पोस्ट कुठली, ते इथं लिहीत नाही.

मी हवालदार अब्राहम इंगळे. मूळचा अचलपूरचा, आता अमरावतीत राहतो. आमच्या घरात तीन पिढ्यांपासून ख्रिस्ती धर्म. पोस्टवर माझ्या पाऊचमध्ये छोटं बायबल असायचं, म्हणून जवान मला गमतीनं ‘पाद्री’ म्हणत. ते ऐकताना मला बरं वाटायचं. हे आधी सांगतो, कारण पुढचं सगळं त्याच माणसानं केलं आहे.

दिनक्रम ठरलेला होता. पाचला स्टँड-टू, म्हणजे सगळे हत्यारांसह मोर्चावर. मग बर्फ वितळवून पाणी करायचं, हत्यारं साफ करायची, रेडिओ चेक करायचा. दर तिसऱ्या दिवशी चार जणांची पेट्रोल, म्हणजे गस्ती तुकडी, खालच्या कॅम्पला जायची आणि रॉकेल, राशन, टपाल घेऊन यायची. वाटेत एक नाला होता. त्याच्या वरच्या उतारावर बर्फ साचलेला. नियम एकच: नाला आठच्या आत ओलांडायचा. ऊन चढलं की वरचा बर्फ सुटतो. आठ वाजून गेले, तर परत फिरायचं. हा नियम नव्या जवानांना मीच शिकवायचो.

लान्स नायक नितीन खोडे माझ्याच सेक्शनमध्ये होता. शेंदूरजनाघाटचा, संत्र्यांच्या बागेतला. सेक्शनमध्ये वऱ्हाडी आम्ही दोघंच, म्हणून तो मला दादा म्हणायचा. त्याला मुलगी झाली होती. बारशासाठी त्यानं सुट्टी मागितली. मीही मागितली होती. त्याची मंजूर झाली, माझी कापली. पोस्ट कमांडरचा निर्णय होता, नितीनचा त्यात काहीच हात नव्हता. तरी चार दिवस मी त्याच्याशी सरळ बोललो नाही.

त्या दिवशी तो पेट्रोलबरोबर खाली उतरून दहाच्या गाड्यांच्या कॉन्व्हॉयनं सुट्टीवर जाणार होता. पेट्रोल कमांडर मी. सोबत दोन शिपाई. निघायची वेळ साडेसहा.

नितीन सहालाच तयार होता. मी चहा दुसऱ्यांदा मागवला. बूट काढून मोजे बदलले. राशनची यादी पुन्हा लिहिली. कारण काही नव्हतं. त्याचा कॉन्व्हॉय चुकावा, एवढंच मनात होतं.

साडेसातला तो बंकरच्या दाराशी आला. “दादा, उशीर होऊन राहिला.”

“तुले घरी जायाची घाई हाय. मले नाही,” मी म्हणालो.

तो बाहेर जाऊन उभा राहिला.

आम्ही आठ दहाला निघालो. नाल्यावर आठ पंचावन्नला पोचलो. उतारावर ऊन पडलं होतं. नाल्यावर पोचल्याचा कॉल पोस्टला द्यायचा असतो. वेळ सांगावी लागली असती, म्हणून मी तो दिला नाही.

नितीननं वर पाहिलं. “दादा, आज नको. परत जाऊ. उद्या सकाळी येऊ.”

“अन् तुही सुट्टी?”

“एक दिवस कमी. बारसं थांबते थोडं.”

मला तिथं थांबता आलं असतं. पण दोन शिपायांसमोर त्याचं ऐकून परत फिरणं मला कमीपणाचं वाटलं.

“घाई तुलेच होती ना? चाल आता. तू पुढं.”

त्यानं कमरेची लाल दोरी तपासली. बर्फात माणूस गाडला गेला, तर सापडावा म्हणून ती लांब दोरी मागे सोडलेली असते. “ठीक हाय, दादा,” म्हणाला आणि खुणेच्या काठ्या धरून बरोबर चालत गेला. एकदाही रेष सोडली नाही. मधोमध पोचला आणि वरून आवाज आला.

रेडिओवर मी एवढंच बोललो, “बर्फ सुटला. एक जण खाली. मदत पाठवा. ओव्हर.”

पोस्टवरून विचारणा झाली, “कोण? ओव्हर.”

“खोडे.”

आम्ही तिघं फावड्यांनी आणि हातांनी खणत राहिलो. दोरीचं टोक सव्वादहाला दिसलं. नितीन अकरा वीसला सापडला. श्वास नव्हता. वय अठ्ठावीस.

चौकशी झाली. कॅप्टन साहेबांनी विचारलं, “नाल्यावर किती वाजता पोचलात?”

“सात चाळीस, सर.” निघाल्याची वेळ पोस्टच्या वहीत मी सातची लिहिली होती, आणि मदतीचा कॉल उशिरा गेला तो रेडिओ लागत नव्हता म्हणून, असं सांगितलं.

“मग बर्फ कसा सुटला?”

“खोडेनं खुणेची रेष सोडली, सर. लवकर जाण्यासाठी वरच्या बाजूनं गेला.”

दोन्ही शिपाई मला ज्युनियर होते. माझ्यासमोर त्यांनी मान हलवली. रिपोर्टमध्ये लिहिलं गेलं, मृताच्या चुकीमुळे अपघात.

पुढच्या सुट्टीत मी शेंदूरजनाघाटला गेलो. नितीनचे वडील नामदेवराव यांच्या समोर बसून हेच खोटं पुन्हा सांगितलं. त्यांनी माझा हात धरला. म्हणाले, “तुमी पोरासाठी लई खनलं म्हनते. देव तुमचं भलं करो.” तेव्हापासून दर हिवाळ्यात त्यांच्या बागेतली संत्री माझ्या घरी यायला लागली. पोतडीवर लिहिलेलं असायचं, ‘नितीनचे साहेब’. बायको सोलून द्यायची. मी खायचो.

निवृत्तीनंतर अकोल्याला एका कारखान्यात सुरक्षेची नोकरी केली. रविवारी अमरावतीला घरी आणि चर्चला. आमच्या उपासनेत प्रभूची दया सर्वकाळ टिकते, असं सगळे मिळून म्हणतात. माझे नुसते ओठ हलायचे. पुढे प्रभुभोजनाची, म्हणजे भाकर वाटायची, वेळ आली की मी उठून बाहेर जायला लागलो. भाकर हातात घ्यायची लाज वाटायची. देव रागावलाय असं वाटलं असतं, तर सोपं गेलं असतं. पण माझं सगळं सुरळीत चाललं होतं. पेन्शन वेळेवर, मुलं मार्गी, संत्री दर वर्षी. कोणीतरी माझी वाट पाहत थांबलंय, असं वाटायचं, आणि तेच सोसवत नव्हतं.

एकदा पाळकसाहेबांनी मला फाटकाशी गाठलं. “इंगळे, तुम्ही दर वेळी बाहेर का जाता?”

मी तिथंच, सायकलींच्या मधोमध उभा राहून सगळं सांगितलं. बारा वर्षांत पहिल्यांदा.

ते म्हणाले, “देवाची दया संपलेली नाही. पण ती लपून बसायला नाही दिलेली. देवापाशी कबूल केलंत, चांगलं केलंत. खोडेंच्या घरी कधी जाता?”

“ते माफ नाही करणार.”

“न करोत. तुम्ही माफी आणायला नाही, खरं सांगायला चाललात.”

त्याच आठवड्यात वरूडची एसटी धरली. दुपारचे दोन वाजले होते. नामदेवराव ओसरीत बसले होते, डोळ्यांनी अधू झालेले. नितीनची बायको सुनीता अंगणवाडीतून नुकतीच आली होती. ती तिथं शिकवते. मी बसलो नाही. उभ्यानंच सांगितलं. वेळा सांगितल्या. मोजे बदलल्याचंही सांगितलं.

सुनीतानं विचारलं, “म्हनजे ते रस्ता चुकले नव्हते?”

“नाही.”

“परत जाऊ म्हनले होते?”

“हो. उद्या येऊ म्हणाला. मीच पाठवलं.”

नामदेवराव भिंत धरून उभे राहिले. मग म्हणाले, “गावानं वेशीवर फाटक बांधलं, त्याच्यावर नाव टाकू म्हनत होते पोराचं. मीच नाही म्हनलो. चुकी करून मेला, त्याचं कायचं नाव... बारा वर्स मी माह्याच लेकावर रागावून होतो, साहेब. काहून केलं तुमी असं?”

मी खाली बसलो.

“हे लिहून देसान?” त्यांनी विचारलं.

सुनीतानं वही आणली. मी दोन पानं लिहिली, सही केली, नंबर आणि रँक टाकला. एक प्रत त्यांना दिली, दुसरी रेजिमेंटला पाठवायला घेतली. निघालो, तेव्हा सुनीतानं ताट वाढलेलं होतं. भाकर आणि वांग्याची भाजी.

“जेवून जा,” ती म्हणाली. “माफ केलं, असं मले म्हनता येत नाही. आलं, तर कळवीन. पन या घरून उपाशी कोनी जात नाही.”

मी जेवलो. ताट संपवलं.

रेजिमेंटनं मला बोलावून जबाब घेतला. त्या दोघा शिपायांपैकी एकानं आपणहून खरं सांगितलं. रिपोर्ट दुरुस्त झाला. जुन्या साथीदारांपैकी बरेच जण आता माझा फोन उचलत नाहीत. त्यांचं बरोबर आहे. सुनीताचा निरोप अजून आलेला नाही. रिपोर्ट दुरुस्त झाला, त्या महिन्यात मी प्रभुभोजनाला रांगेत उभा राहिलो. पाळकसाहेबांनी भाकर हातावर ठेवली, तेव्हा मान वर झाली नाही. दया मिळाली म्हणून लाज जात नाही. पण मी पळून गेलो नाही.

गावाच्या फाटकावर आता नाव आहे. त्याच्याखाली जागा नाही, म्हणून बाकीचं इथं लिहितो.

लान्स नायक नितीन नामदेव खोडे. नाला ओलांडू नये, असं त्यानं आठ पंचावन्नला स्पष्ट सांगितलं होतं. हुकूम मिळाल्यावर तो पुढे गेला. खुणेच्या रेषेवरून गेला. मुलीला त्यानं पाहिलं नव्हतं.