मामंजींचा इटालियन जनरल

आमचे मामंजी, म्हणजे माझे सासरे, तरुणपणी सावंतवाडीला जाऊन इंग्रजांच्या फौजेत भरती झाले आणि आफ्रिकेच्या वाळवंटात लॉरी चालवून गोव्यात, आमच्या पार्से गावी परत आले. येताना आणली ती एक गोष्ट, इटलीच्या एका जनरलची. जेवताना ती हटकून निघायची. आधीच्या लढाईत बर्फात बोटं गमावलेला, छातीभर पदकं मिळवलेला तो म्हातारा वाळवंटात वेढला गेला. पाणी संपलं. वरून हुकूम, शेवटच्या माणसापर्यंत लढा. त्याने शस्त्रं खाली ठेवली आणि हजारो पोरं वाचवली. कैदेत नेताना तो मामंजींच्याच लॉरीत होता. त्याचे अधिकारी त्याच्याकडे पाठ करून बसले होते.

“भित्रो तुमचो जनरल,” आमचे हे म्हणायचे.

गोवा राज्य होण्याआधीचे ते दिवस. मराठी की कोकणी, यावरून सगळे पेटले होते. घरात बोली एकच, तरी डोकी फोडायला तयार! यांनी मराठीच्या बाजूने पोरं जमवली, रस्त्यात काजूची भली मोठी फांदी आडवी टाकली, बाजूला दगड रचले. कोकणीवाल्यांच्या सभेहून बस येणार होती. त्या बसमध्ये माझा सख्खा भाऊ होता. हे यांना सांगितलं, तर म्हणाले, “तेका कोणी सांगल्यान थंय जावक?” मी यांच्या मागोमाग रस्त्यावर गेले, मामंजीही आले.

वळणावर बसचा आवाज आला, तसे मामंजी पुढे गेले आणि एकटेच फांदी ओढू लागले.

“बाबा, घराक चला! आमचां नाक कापतास?” हे ओरडले. यांच्या हातात दगड होता. तो बसवर पडणार की बापावर, देव जाणे. मला राहवेना. पदर खोचून मीही फांदीला हात घातला. बस जाण्यापुरती वाट झाली. यांनी दगड गटारात फेकला आणि तरातरा घरी गेले. बसच्या काचेआडून भाऊ माझ्याकडे बघत होता.

नंतर गावातली पोरं यांना ‘भित्र्याचो पूत’ म्हणून चिडवायची, ते यांना झोंबायचं. बापाशी बोलणं बंद झालं ते झालंच. मला दोघांचाही राग यायचा.

मामंजी गेले. दहाव्याला बायकांनी जाऊ नये म्हणतात, मी गेले. कावळा पिंडाला शिवेना. आईला सांभाळीन, बागायत विकणार नाही, असं एकेक यांनी कबूल केलं. कावळे माडावरच बसून. शेवटी हे पिंडासमोर वाकले आणि म्हणाले, “बाबा, त्या दिसा तुमचां बरोबर होतां.”

कावळा शिवला की नाही, मी बघितलंच नाही. मी यांच्याकडे बघत होते.