पहिल्या धड्यावर अडकलेला माणूस

आनंदनगरच्या एका रंगाच्या कारखान्यात बुद्धभूषणने आठ वर्षं पॅकिंगमध्ये काढली. रंगाची पूड पोत्यांत भरायची आणि घरी येऊन रुमालात खोकायचं, तेही निळं. मग तो लॅबमध्ये आला, हाताखालचा माणूस म्हणून का होईना, आणि छातीतली घरघर थांबली. त्याच्याबरोबर अनंताही आला, वांगणीकडच्या पाड्यावरचा, मोजकं बोलणारा. दोघांचं बरं चाललं होतं. पण पावसाळ्याच्या तोंडावर लॅबमध्ये नवं मशीन बसलं. लॅब सांभाळणाऱ्या कीर्ती मॅडमनी दोघांना बोलावून सांगितलं की आता रीडिंग थेट कॉम्प्युटरमध्ये येतील, त्यातून खराब माल शोधणारा छोटा प्रोग्रॅम पायथन या कॉम्प्युटरच्या भाषेत ज्याला लिहिता येईल तो लॅबमध्ये राहील. बाकीचा परत पॅकिंगला. दिवाळीनंतर करून दाखवायचं.

बुद्धभूषणचं धाबं दणाणलं. दहावीनंतर त्याने पुस्तक उघडलं होतं ते फक्त पोरीचा अभ्यास घ्यायला.

मग सुरू झाली विचारपूस. इंजिनिअरिंगला असलेल्या भाच्याने, करणने, एक इंग्रजी कोर्स पाठवला, तो सगळा डोक्यावरून गेला. उल्हासनगरला क्लासवाल्या सिंधी शेठने सांगितलं, साईं, पायथन छोडो, जावा करो. यूट्यूबवर तर जो तो पाच तासांत शिकवायला बसलेला. आपला गडी एकेकाकडे जायचा, स्वतःचं नाव स्क्रीनवर छापायचा, खूश व्हायचा, आणि तेवढ्यात खाली कुणीतरी लिहिलेलं दिसायचं की हे जुनं झालं, ते दुसरं बघा. की निघाला तिकडे. मुलीसाठी स्थळं बघत हिंडावं आणि एकही पसंत पडू नये, तशी गत. पहिला धडा त्याला झोपेतही आला असता. दुसऱ्याचं त्याने तोंडही पाहिलं नव्हतं.

मध्येच अनंताने विचारलं, तू कुठून शिकतोस? बुद्धभूषणने मोठ्या मनाने जमवलेल्या सगळ्या लिंका त्याला पाठवून दिल्या. मदत केली म्हणून त्याला बरंही वाटलं.

एका रविवारी तो करणच्या जुन्या लॅपटॉपसमोर बसला आणि व्हिडिओ न लावता काहीतरी लिहू म्हणाला. नावाच्या पुढे काही सुचेना. नुसत्या भीतीने त्याला जुना खोकला लागला, आणि तो आवाज ऐकून प्रतिभा, त्याची बायको, हातातलं काम टाकून आली. वर्षावासाच्या तीन महिन्यांत विहारात ग्रंथ वाचायची पाळी तिची असे.

सगळं ऐकून घेतल्यावर तिने विचारलं, "विहारात आपण रोज किती ग्रंथ उघडतो?"

"एकच."

"आणि वाचून झाल्यावर?"

"मिटून आपल्या शब्दांत सांगतो."

"मग इथे का नाही?"

तिने त्याच्याकडून एकेक लिंक उघडून घेतली आणि प्रत्येकाला एकच प्रश्न लावला, हा माणूस तुला काही करायला सांगतो, का नुसता बोलतो? बहुतेक नुसते बोलत होते. तळाशी एक साधी पीडीएफ होती, चित्र नाही, रंग नाही, कुणा मास्तरांनी सोप्या मराठीत लिहिलेली. प्रत्येक पानाखाली सोडवायला उदाहरणं होती. बुद्धभूषणने ती दिसायला गरीब म्हणून कधी उघडलीच नव्हती.

रोज एक पान. वाचायचं, मिटायचं, प्रतिभाला सांगायचं, उदाहरण सोडवायचं. सांगता आलं नाही तर दुसऱ्या दिवशी तेच पान. जीव मात्र टांगणीलाच होता. दिवाळी जवळ येत होती आणि करण हसून म्हणे, मामा, अजून इथेच?

दिवाळीनंतर मॅडमनी दोघांना कॉम्प्युटरसमोर बसवलं. बुद्धभूषणने प्रोग्रॅम चालवल्याबरोबर चूक दाखवणारी लाल अक्षरं आली. त्याने शेवटची ओळ वाचली, एक कंस राहिला होता तो घातला, आणि खराब मालाचे नंबर स्क्रीनवर आले. मॅडमनी मान हलवली. मग अनंता बसला. त्याने स्वतःचं नाव छापून दाखवलं आणि तिथेच थांबला.

बाहेर आल्यावर बुद्धभूषणने त्याला म्हटलं, "अरे, अडलं होतं तर मला सांगायचंस तरी."

"तू पाठवलेलंच बघत होतो रे," अनंता म्हणाला. "रोज नवीन एक. म्हटलं, भूषणने दिलंय म्हणजे सगळंच लागत असेल."

ती पीडीएफ सापडल्यावर बाकीचं सोड, एवढं सांगायचं बुद्धभूषणला सुचलंच नव्हतं. स्वतःच्या भीतीत तो अनंताला विसरूनच गेला होता.

सोमवारपासून अनंता पॅकिंगला गेला. सुटल्यावर बुद्धभूषण त्याला हाताला धरून घरी घेऊन आला. प्रतिभाने चहा ठेवला आणि पहिलं पान उघडलं.

"हे येतं मला," अनंता म्हणाला.

"मग मिटून सांगा, भाऊजी," प्रतिभा म्हणाली.

तो सांगायला लागला आणि त्याला खोकला आला. त्याने तोंडाला लावलेला रुमाल खाली घेतला तेव्हा तो निळा झाला होता. बुद्धभूषण ते बघत राहिला, आणि अनंताचा खोकला थांबेपर्यंत कुणीच पान उलटलं नाही.