सोळावा सोमवार आणि चाळीस ताटं

तीर्थयात्रेहून माणसं पुण्य घेऊन येतात. आमचं भजनी मंडळ नेपाळहून आलं ते किस्से घेऊन! अजून चार जणी वाती वळायला बसल्या की एखादा निघतो, आणि वाती राहतात बाजूला.

जायचं होतं पशुपतिनाथाला. मंद्रूपच्या गोदाक्का म्हणाल्या, "येवढ्या लांब जायाचं, ते हात हालवत व्हय?" काठमांडूत गरीब, अनाथ मुलांची एक शाळा आहे असं कळलं होतं. मंडळातल्या लक्ष्मम्मांच्या घरी चादरींचे माग; त्यांनी चाळीस चादरी काढून दिल्या.

माझा जीव मात्र वेगळ्याच गोष्टीत अडकलेला. आमचा बाळू मॅट्रिकला दोनदा गणितात आपटलेला, मार्चात तिसऱ्यांदा बसणार. त्याच्यासाठी माझे सोळा सोमवार चालू होते, आणि सोळावा नेमका काठमांडूत! दिवसभर निराहार, संध्याकाळी पशुपतीचं दर्शन, मगच बिनमिठाचा घास. मध्ये काही तोंडात गेलं की पुन्हा पहिल्यापासून!

*

बस घाटाला लागली आणि थंडीने लक्ष्मम्मांचे दात टाळांसारखे वाजू लागले. "एकच काढू," म्हणत गठ्ठा सोडला. सोमवारी सकाळी शाळेच्या दारात उतरलो तेव्हा आम्ही सगळ्याच जणी चादरीत! तिथेच घड्या घालून मी त्या वाटल्या. मुलांना वाटलं, पांघरायची रीत हीच. क्षणात चाळीस मुलं डोक्यावरून चादर घेऊन, हनुवटीखाली मूठ धरून उभी!

"आगं बया," गोदाक्का म्हणाल्या, "ही तर आपलीच मंडळी की!"

*

मग लक्ष्मम्मांनी मुलांना ओवाळायला घेतलं. ओवाळलं की हातावर खडीसाखर. रांग काही संपेना! तोंडं चादरीत, ओळखणार कसं? शेवटी लक्ष्मम्मा म्हणाल्या, "माझे पंचावन्न झाले." शाळेच्या मोठ्या बाई हिंदीत म्हणाल्या, "शाळेत चाळीसच आहेत!"

लक्ष्मम्मांनी तबक खाली ठेवलं. "असू दे. तेवढं आयुष्य जास्त."

*

या मोठ्या बाई भारी कडक. हातातली छडी सुटायची नाही. गोदाक्कांनी त्यांनाच फुगडीला ओढलं. पहिल्या गिरकीला छडी गेली, दुसरीला चप्पल. तिसरीला गोदाक्का ओरडल्या, "सोडा की बाई, गरगरायलंय मला!"

बाई म्हणाल्या, "और एक!"

*

मग जेवण. वरण-भाताची चाळीस ताटं वाढली, पण एकही हात हलेना. तिथला नेमच तसा, पाहुण्याने पहिला घास घ्यायचा, मग मुलांनी. आणि पाहुणी म्हणून मुलांनी बसवलं मला! चादरी मी वाटल्या होत्या ना.

"मी खाते की ह्यांच्या वाटणीचं!" गोदाक्का पुढे सरसावल्या. मोठ्या बाईंनी मान हलवली. "मुलांनी यांना निवडलंय."

एकीकडे बाळूची मॅट्रिक, दुसरीकडे चाळीस उपाशी तोंडं. पंधरा सोमवार डोळ्यांपुढून गेले. वरणाची वाफ विरत चालली.

"आवं, बाळ्याचं मागनं बघू," गोदाक्का कानाशी लागल्या. "पोरं बघा की!"

मी हात जोडले आणि घास घेतला. मिठाचा! चाळीस हात ताटात पडले, आणि माझ्या डोळ्यांतून धार.

शेजारची पाच-सहा वर्षांची मुलगी चाट पडली. मोठ्या बाईंनी गोदाक्कांना विचारून तिला सगळं समजावलं. उपास, बाळू, गणित, सगळं. ती घास हातात धरून विचारात पडली, मग हळूच काहीतरी बोलली. बाईंना हसू आवरेना.

"काय म्हणते?" मी डोळे पुसत विचारलं.

"म्हणते, उपास तुम्ही करत होतात, तर अभ्यास कोण करत होतं?"

मी दुसरा घास घेतला.